‘येतं’ म्हणायचा तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या धान्याच्या मोंढ्यातले ज्येष्ठ आडत व्यापारी सन्माननीय पंचाक्षरीअप्पा, एवढ्या उन्हात लातूरहून जीपने आलेले पाणीपुरवठ्याचे अभियंता साहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती ईश्वरप्पा गुरुजी, व्यासपीठावर जागा न मिळाल्यामुळे खाली बसलेले आणि त्यामुळेच पंख्याचा वारा मिळणारे इतर मान्यवर, अनौपचारिक शिक्षण वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या मायबहिणींनो,

प्रथम एक अडचण सांगतो. बोलायला उभे राहिलेल्या माणसाने ‘मी काही वक्ता नाही’ असे म्हणून सुरुवात करायची, अशी आपल्याकडे रीत आहे. मग तो माणूस तासभर बोलतो आणि त्याचे म्हणणे खरे असल्याची लोकांची खात्री पटते. आज मला ते वाक्य म्हणता येणार नाही. का, ते पुढे कळेल. तूर्त एवढेच सांगतो की मला बोलता येते. नांदेडच्या दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी उद्घाटने, सत्कार आणि शोकसभा इतक्या ऐकल्या आहेत की आता त्यांतला फरक मला हाराच्या जाडीवरून कळतो.

आजचे हार कागदी फुलांचे आहेत. याबद्दल संयोजकांना कोणी बोल लावू नये. फुलांना पाणी लागते. चहाही अर्धा कप मिळाला, त्याचेही कारण तेच. सालामागून साल कोरडे चालले आहे, अशा वेळी अर्धा कप म्हणजे पूर्ण आदरातिथ्य समजावे.

दुसरी अडचण नावाची आहे. शिक्षण अनौपचारिक आणि निरोप औपचारिक. ज्या वर्गाला घंटा नव्हती, बाक नव्हते, ज्याला जेव्हा शेतातून सवड होईल तेव्हा जो यायचा, त्या वर्गाच्या गुरुजींना आपण शाल, श्रीफळ आणि माझे भाषण असा तिहेरी मार देतो आहोत. एवढा थाट वर्गात एक दिवस जरी झाला असता तरी निम्मे विद्यार्थी कुंपणावरून उड्या मारून गेले असते. गुरुजी सभ्य आहेत म्हणून बसून आहेत.

साहेब बाहेरगावचे आहेत, म्हणून वर्गाची ओळख करून देतो. ज्यांची शाळा दुसरी-तिसरीत सुटली, म्हणजे ज्यांनी शाळा सोडली नाही, शाळेनेच ज्यांना सोडले, अशा मोठ्या मुलामुलींना वाचणे, लिहिणे, हिशेब आणि एखादे कसब शिकवायचे, अशी ही योजना. कसब कोणते? गुरुजींनी हातपंपाची दुरुस्ती निवडली. आकाशातून काही येत नाही म्हटल्यावर सरकार जमिनीत भोके पाडू लागले होते, आणि गावोगाव पंप बसत होते. बसत होते तसे बंदही पडत होते.

शिकवायला पंप हवा. पण चालता पंप शिकायला कोण देईल? त्याच्यापुढे घागरींची रांग असते. तेव्हा आपले अध्यक्ष पुढे आले. अप्पांनी गोदामाच्या अंगणात बोअर घेतला होता. त्यातून नुसती धूळ निघाली. अप्पांनी ती धूळ शिक्षणाला दान केली. त्या कोरड्या बोअरवर पंप बसला आणि वर्ग सुरू झाला. दांडा, साखळी, सळई, वायसर, सगळे खोलायचे, पुन्हा जोडायचे आणि दांडा मारून बघायचा. पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता. पंप बरोबर जोडला की नाही हे पाण्यावरून कळायचे नाही, गुरुजींच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागे. आणि गुरुजींचा चेहरा कधी बदलत नसे. फारच उत्तम जमले तर ते म्हणत, ‘बरं हाय.’ त्या दिवशी विद्यार्थी घरी जाऊन गोड खात.

या वर्गात शरणम्मा आली. ती मागे, दाराच्या डाव्या बाजूला उभी आहे. शरणम्मा, लपू नकोस, मी चांगलेच सांगणार आहे. तिचा नवरा मुदखेडला रेल्वेच्या कामावर रोजंदारीने असतो. सासरे महादेवप्पा, ते खांबाला टेकून बसलेले, पांढऱ्या पटक्याचे. सून एकटी कशी पाठवायची म्हणून महादेवप्पा स्वतः तिच्याबरोबर येत आणि गोदामाच्या दारात बसून डुलक्या घेत. वर्ष संपेपर्यंत त्यांनाही पंपाचे निम्मे भाग पाठ झाले होते. उरलेले निम्मे ते झोपेत असताना शिकवले गेले असावेत.

आता नव्या जिल्ह्याकडे वळतो. लातूर जिल्हा होऊन काही वर्षे झाली तरी आपण त्याला नवाच म्हणतो, दोन लेकरांची आई झालेल्या सुनेलाही सासू नवी सून म्हणते तसे. नवा जिल्हा झाला तेव्हा आपण पेढे वाटले. मीही खाल्ले आणि बातमीही दिली. फायदा झाला, नाही असे नाही. पूर्वी नोकरीचा नकार घ्यायला उस्मानाबादला जावे लागे, मुक्काम पडे. आता सकाळच्या एस.टी.ने लातूरला जायचे, नकार घ्यायचा आणि दिवे लागायच्या आत घरी परत. नकार दारात आला, ही काही लहान सोय नव्हे.

हातपंप दुरुस्तीच्या जागा निघाल्या तेव्हा गुरुजी सगळ्या वर्गाला घेऊन लातूरला गेले. मी बातमीसाठी तिथे होतो. खोलीत टेबल, टेबलामागे एक अधिकारी. आजचे साहेब नव्हेत, ते नंतर आले. पहिला आत गेला आपला वीरण्णा.

‘हातपंप खोलता येतो का?’

‘बघितलाय साहेब.’

‘जोडता येतो?’

‘जमंल तसं.’

मग शरणम्मा.

‘तुम्हाला काय काय येतं?’

‘माझ्यानं काय होतंय साहेब. गुरुजींचं पुण्य हाय.’

अशी सगळी वरात आत गेली आणि बाहेर आली. एकानेही ‘येतं’ म्हटले नाही. शेरा पडला, ‘उमेदवार कामास तयार नाहीत.’ त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकले. आपल्याकडे उत्तर ऐकायचे नसते, ओळखायचे असते, हे त्यांना कोण सांगणार?

साहेब, आपल्या माहितीसाठी सांगतो. अध्यक्षांना विचारा, ‘अप्पा, धंदा कसा आहे?’ अप्पा म्हणतील, ‘बंद पडायला आलाय, शास्त्री.’ मी लहानपणी संस्कृत पाठशाळेत काही वर्षे काढली, त्याची शिक्षा म्हणून हे लोक मला अजून शास्त्री म्हणतात. तर अप्पांचे हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांचे एक गोदाम होते. नंतर धंदा बंद पडता पडता त्यांची चार झाली. हसू नका, अध्यक्ष आहेत. ज्वारीच्या धाटाला कणीस पेलत नसले तरी शेतकरी म्हणतो, ‘बरं हाय.’ पाहुण्याच्या ताटात पंचपक्वान्न वाढून घरची बाई म्हणते, ‘काय जमलं न्हाई, गोड मानून घ्या.’ आणि लेकराचे कोणी कौतुक केले की आई घाईघाईने म्हणते, ‘कशाचं गुणाचं, लई द्वाड हाय!’ आपल्या लेकराला आपण चांगले म्हणायचे नाही. नजर लागते. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, तिचे पुढे काम आहे.

आमचे पाठशाळेतले पंतोजी सांगत, विद्येने माणूस नम्र होतो आणि नम्रतेने पात्र ठरतो. पंतोजींनी मुलाखतीची खोली पाहिलेली नव्हती. पहिला भाग मी लातूरला डोळ्यांनी खरा झालेला पाहिला. मुले इतकी नम्र झाली होती की अपात्र ठरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग भरला तेव्हा गुरुजींनी नट खोलायचे पाने पेटीत ठेवायला लावले. म्हणाले, ‘आज पंपाला हात लावायचा न्हाई. आज येतं म्हणायचं.’

मित्रहो, शिक्षणाच्या कोणत्याही योजनेत हा विषय तुम्हाला सापडणार नाही. मी त्या वर्गात बसलो होतो. जो खोलायला आणि जोडायला पाने लागतात तो पंप परवडला.

‘वीरण्णा, ऊठ. पंप खोलता येतो का?’

‘तुमाला तर ठाऊकच हाय की गुरुजी.’

‘मला ठाऊक हाय. तू सांग.’

‘लाज वाटती.’

‘कशाची लाज? चोरी केलास काय?’

‘चोरी केली असती तर सांगितलं असतं की.’

शरणम्माची पाळी आली. ती म्हणाली, ‘गुरुजी, आपल्याच तोंडानं आपलं कसं म्हणावं? नजर लागती.’

गुरुजी म्हणाले, ‘नजर लागायला आधी काही असावं लागतंय, माय. म्हण.’

‘मामा दारात बसलेत. त्यांच्यासमोर कसं म्हणू?’

गुरुजींनी महादेवप्पांना विनंती केली, जरा पाठ करून बसा. महादेवप्पा रस्त्याकडे तोंड करून बसले. शरणम्माने पदर पुढे ओढला, जमिनीकडे पाहिले आणि पुटपुटली, ‘येतं.’

रस्त्याकडे तोंड असलेले महादेवप्पा म्हणाले, ‘ऐकू आलं न्हाई.’

मला वाटले म्हाताऱ्याला राग आला. राग नव्हता. त्यांना खरोखरच ऐकायचे होते. मग ती मोठ्याने म्हणाली, आणि त्यांनी तशीच पाठ ठेवून मान डोलावली. सुनेला शाबासकी देण्याची ती एवढीच रीत त्यांना ठाऊक होती.

असा तो तास कितीतरी दिवस चालला. दरम्यान, पंपाचे काम शिकलेली शरणम्मा आजूबाजूच्या खेड्यांत जाऊ लागली. पंप बंद पडला की लोक जिल्ह्याच्या जीपची वाट बघत, आणि वाट बघून दमले की महादेवप्पांच्या दारात बैलगाडी उभी करत. सून पुढे, सासरा मागे, पान्यांची पेटी मध्ये. पहिल्यांदा खऱ्या बोअरवर पंप जोडून तिने दांडा मारला आणि पाणी आले तेव्हा ती दचकून मागे सरली, असे म्हणतात. बिचारीने आपण जोडलेल्या पंपातून पाणी येताना कधी पाहिलेच नव्हते.

पुन्हा जागा निघाल्या. आता टेबलामागे आजचे साहेब होते. शरणम्मा आत गेली. ‘पंप खोलता येतो?’ ‘येतं.’ ‘जोडता येतो?’ ‘येतं.’ ‘परगावी जावं लागेल.’ ‘जाता येतं.’ बाहेर आली ती ‘येतं’ म्हणून आली होती. वर्गाने तिला उचलायचेच बाकी ठेवले.

तिची निवड झाली नाही.

आता, साहेब, आपण पाहुणे आहात. पाहुण्याला अवघड वाटेल असे बोलू नये हे मला कळते. पण आज दुपारी त्या अर्ध्या कपाच्या चहावर मी आपल्याला विचारले, आणि आपण मोकळेपणाने सांगितलेत, म्हणून आपल्याच परवानगीने सांगतो. साहेब म्हणाले, ‘बाई पाठ केल्यासारखी बोलत होती. मला शंका आली. म्हणून मी तुमच्या गुरुजींनाच बाहेर विचारलं, ही कशी आहे? ते म्हणाले, बरी हाय. लेकरू हाय. अजून लई शिकायचं हाय.’

साहेब पुण्याकडचे. त्यांनी ऐकले आणि लिहिले.

गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांच्या हातात कप होता. तो त्यांनी खाली ठेवला. मग मला म्हणाले, ‘शास्त्री, पोरीला म्या वाईट काय म्हणलं?’

काहीच नाही, गुरुजी. आपल्या लेकराबद्दल बाप जे म्हणतो तेच तुम्ही म्हणालात. मान खाली घालू नका. सगळ्या वर्गाला तुम्ही जे शिकवलेत ते स्वतः शिकायचे तेवढे राहून गेले, कारण तुमचा तास घ्यायला कोणी नव्हते. आणि मी तरी काय वेगळा? मीही लोकांना सांगत फिरलो की आमच्या ईश्वरप्पा गुरुजींचे काम ‘ठीक’ आहे.

मी दमलो आहे, हे तुम्हाला माझ्या आवाजावरून कळले असेल. पाऊस येत नाही त्याने माणूस दमतो, पण त्याहून जास्त, चांगले काम होते आणि ते कोणाच्या कानावर जात नाही त्याने दमतो. गुरुजी आज सेवेतून जातात. वर्गाचे पुढे काय, हे कोणी सांगत नाही. नवी योजना येईल. तिचे नाव याहून लांब असेल. अप्पांच्या अंगणातली धूळ तिथेच राहील.

पण एक गोष्ट अजून संपलेली नाही, आणि तेवढ्यासाठी मी हे सगळे लांबवले. त्या जागेवर जे गृहस्थ नेमले होते ते आले, त्यांनी आपला मुलूख पाहिला, खोलीवर आंघोळीला मिळणारा तांब्या पाहिला आणि परत गेले. त्यांना मी नावे ठेवत नाही, ज्यांना जाता येते ते जातातच. जागा रिकामी आहे. साहेबांना सोमवारी नाव कळवायचे आहे. आणि सोमवारीच महादेवप्पा घर बंद करून निघताहेत. बिलोलीकडे नदीकाठी मेहुण्याची शेती आहे, तिकडे. सुनेला नोकरी लागली असती तर थांबलो असतो, असे ते मला बाजारात म्हणाले. एकदाच म्हणाले. त्यांच्याकडून एकदा म्हणजे पुष्कळ झाले.

तेव्हा गुरुजी, सत्काराला उत्तर देताना तुम्ही ‘मी काही केलं नाही, सगळं तुमचं प्रेम’ असे म्हणणार, हे मला ठाऊक आहे. ते नंतर म्हणा. आधी इथे उभे राहा. साहेब बसले आहेत. वीरण्णाला जसे उठवलेत तसे मी तुम्हाला उठवतो. सांगा, शरणम्माला पंप दुरुस्त करता येतो का?

...नाही, ‘काय सांगावं’ नको.

...‘लेकरू हाय’ तर मुळीच नको, त्याच वाक्याने घात केला.

काय म्हणालात? जरा मोठ्याने. महादेवप्पा, ऐकू आले का? बघा, त्यांना ऐकू आलेले नाही.

...‘येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं.’

ऐकलेत सगळ्यांनी? टाळ्या थांबवा, मागून काहीतरी आवाज येतो आहे. कोण? शरणम्मा? ‘न्हाई न्हाई गुरुजी, माझ्यानं काय होतंय, तुमचं पुण्य’! अगं बाई, तू आज तरी गप्प बैस! साहेब, पाहिलेत ना? इतक्या दिवसांचा तास एका वाक्यात वाया. हसा, हसा सगळे, साहेबही हसताहेत. पण हसता हसता मला एकदा सांगा साहेब, आता ऐकू आलेले आपण लिहाल की ओळखाल?

...साहेब म्हणतात, ‘सोमवारी सकाळी तिला लातूरला घेऊन या. माझ्यासमोर पंप जोडू दे. पण प्रश्न मी विचारणार नाही.’

साहेब, एवढ्या थोड्या दिवसांत आपण आमची भाषा शिकलात. आपण कामास तयार आहात.

आता मात्र आटोपतो. अप्पा, आपण गोदाम, धूळ आणि आज हे सभागृह दिलेत, बंद पडायला आलेल्या धंद्यातून एवढे दिलेत, याबद्दल आभार. साहेब, उन्हात आलात आणि ऐकून घेतलेत, आभार. गुरुजी, तुमचे आभार मानायला मला जमत नाही, आणि हे मी नम्रतेने म्हणत नाही, खरेच जमत नाही. बोलण्याच्या भरात मी मोठ्यांची थट्टा केली, पाहुण्यांना अडचणीत टाकले, अर्धा कप पिऊन दीड कपाचे बोललो. जे चुकले असेल ते पदरात घ्या, जे लागले असेल ते विसरून जा.

आणि खाली बसण्यापूर्वी एकच. महादेवप्पा, ऐकलेत ना? सोमवारी लातूर आहे. बिलोली नाही. थांबणार ना?

...साहेब, ते म्हणाले, ‘जमंल तसं.’

लिहू नका. याचा अर्थ, ते थांबले.